जुन्नरचे चार दिवस: आधी नाणेघाट, मग शिवनेरी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातलं लग्न आटोपून तुम्ही घरचे पाच जण जुन्नरला येणार. मुक्काम एकाच ठिकाणी, चार दिवस रोज सकाळी निघून संध्याकाळी परत, आणि पाचव्या दिवशी कल्याणहून संध्याकाळी नागपूरची गाडी. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे थोडे दुखतात. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. तुम्ही विचारलंय, "एवढ्या दिवसांत किती किल्ले होतील?"

गेली चोवीस वर्षं मी या भागात लोकांना घेऊन फिरतोय, म्हणून थेट सांगतो. दोन किल्ले होतील, आणि दोनच करा. बाकीचा वेळ घाटवाटेला, लेण्यांना आणि एका जुन्या देवळाला द्या. सुरुवातीच्या काळात मीही दोन दिवसांत चार किल्ले असा बेत आखायचो. एकदा चौथा किल्ला उतरून आम्ही चहाला टेकलो होतो. गटातल्या एका मुलाने विचारलं, "काका, ते खांब असलेलं पाण्याचं टाकं कुठल्या किल्ल्यावर होतं?" बारा माणसं होती, एकालाही सांगता आलं नाही. सगळे दमलेले, फोटो भरपूर, आणि चारही किल्ले डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेले. त्या दिवसापासून मी एका दिवसाला एकच मुख्य जागा धरतो, आणि जागांचा क्रम कधी बदलत नाही.

बहुतेक जण पहिल्या दिवशी शिवनेरी करतात. साहजिक आहे, जुन्नरमध्ये पाऊल टाकलं की समोर तोच दिसतो. तरीही तुम्ही शिवनेरी तिसऱ्या दिवशी ठेवा. जुन्नर इथे का वसलं, इतकी लेणी याच डोंगरांत का खोदली गेली, एवढे किल्ले एकमेकांना लागून का उभे राहिले, या सगळ्याचं उत्तर नाणेघाटात आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर कोकणातून निघायचा, नाणेघाटाने वर चढायचा, जुन्नरला विसावायचा आणि पुढे पैठण, तेरकडे जायचा. त्या रस्त्यावर जकात होती. जकातीबरोबर व्यापारी आले, व्यापाऱ्यांच्या दानातून लेणी झाली, आणि रस्ता राखायला किल्ले आले. ही साखळी मुलांच्या हाती पहिल्याच दिवशी लागली, तर पुढचे तीन दिवस त्यांना काही समजावत बसावं लागत नाही.

तर पहिला दिवस नाणेघाटाचा. सकाळी साडेसहाला निघा. जुन्नर सोडतानाच गाडीची टाकी भरून घ्या. आपटाळ्यावरून घाटघरकडे जाणारा रस्ता धरला की तीसेक किलोमीटर, पण वळणाचा रस्ता आहे, सव्वा तास धरा. वाटेत माणिकडोह धरणाचं पाणी दिसत राहील. नोव्हेंबरात या पट्ट्यात भाताची कापणी चालू असते, खाचरांत पेंढ्या पडलेल्या असतात, सकाळचं धुकं त्यांच्यावरून सरकत असतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हाच रस्ता गाड्यांनी तुंबतो, उलटा धबधबा बघायला माणूस लोटतो. तुमचे दिवस सोमवार ते गुरुवार आहेत, ते तसेच ठेवा.

पठारावर गाडी लावली की आधी दगडी रांजण लागतो. एकाच दगडातून कोरलेला, पोटाला रुंद, तोंड सोडून सगळा गुळगुळीत. जकात यात टाकत असं सांगतात, आणि मुलांना सांगतानाही "असं सांगतात" असंच सांगा. सासूबाईंनी इथेच सावली धरून बसावं. इथून पुढे घळीत उतरणाऱ्या पायऱ्या ओबडधोबड आहेत, दगड झिजून चकचकीत झालेत, दुखऱ्या गुडघ्यांना ते बरं नाही. बसल्या जागी त्यांना कड्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसेल आणि खाली पसरलेलं कोकण दिसेल. चुकलं चुकलं असं वाटायचं कारण नाही.

तुम्ही चौघं घळीतून खाली उतरा. थोडंच उतरायचं आहे, पण सावकाश. उतरताना मुलीला पायाखालचे दगड बघायला सांगा. ही फरसबंदी माणसांनी आणि जनावरांनी शतकानुशतकं तुडवलेली आहे. गुहेत शिरलात की मागच्या भिंतीकडे बघा. तिथे आठ-दहा माणसांचे पुतळे होते, आता फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. त्यांच्या डोक्यांवर जी नावं कोरली होती, ती अभ्यासकांनी वाचून ठेवलीत: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, कुमार भाय, महारठि त्रनकयिरो, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. हे एका घराण्याचं दालन होतं. ज्याच्या राज्यात शिरायचं त्या राजाचं कुटुंब घाटाच्या तोंडाशीच उभं, असा तो बेत. कोकणातून घामाघूम होऊन चढलेल्या व्यापाऱ्याला आपण कोणाच्या मुलखात आलो ते विचारावं लागत नसे.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मोठा ब्राह्मी लेख आहे, भाषा प्राकृत. तो नागनिकेचा, म्हणजे वर आलेली नायनिका, सातकर्णीची राणी. तिने आणि नवऱ्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची ती यादी आहे. अश्वमेध, राजसूय, आणि त्याबरोबर गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, सगळं आकड्यांसकट. २४,४०० कार्षापणांचा आकडा त्यात येतो. आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या अंकांमध्ये या लेखातल्या अंकांची गणना होते. मुलगा ११ वर्षांचा आहे म्हणालात, त्याला गणित आवडत असेल तर हीच जागा. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली हा लेख जगासमोर आणला आणि पुढे आपल्या भगवानलाल इंद्रजींनी त्यातले अंक उलगडले.

लेख वाचायची एक युक्ती सांगतो. टॉर्च समोरून मारलात तर भिंत सपाट दिसते, अक्षर एकही दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. उजेड तिरपा पडला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षरं एकदम वर येतात. मी हे शेकडो वेळा केलंय, तरी त्या क्षणी गुहेत जी शांतता पसरते ती मला दर वेळी नवी वाटते. एक कळकळीची विनंती: अक्षरांवर पाणी मारू नका, खडू घासू नका, बोट फिरवू नका. फोटो चांगला यावा म्हणून लोकांनी हे केलेलं मी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही. दोन हजार वर्षांचा लेख आपल्या एका फोटोसाठी झिजायला नको.

गुहेच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. इथून एक खेळ सुरू करा, मी मुलांबरोबर हमखास करतो. चार दिवसांत दिसेल ते प्रत्येक खोदीव टाकं मोजायचं आणि वहीत लिहायचं. जुना शब्द आहे पोढी, आमच्याकडची भटकी मंडळी अजून वापरतात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाचा छोटासा लेख आहे, त्यात त्याने दान काय दिलं ते लिहिलंय: "बे पोढियो". दोन टाकी. बे म्हणजे दोन! बे एके बे म्हणताना मुलं जो शब्द उच्चारतात, तोच शब्द एका परदेशी माणसाने जुन्नरच्या कातळावर खोदवून घेतला. हे ऐकल्यावर तुमची मुलगी पाढा पूर्वीसारखा म्हणणार नाही, बघाच.

परतताना चावंडच्या अंगाने पूरला कुकडेश्वराच्या देवळात थांबा. कुकडी नदीचा उगम इथला. शिलाहारांच्या काळातलं देऊळ, जुनं शिखर पडलेलं, भिंतींवरचं आणि दाराच्या चौकटीवरचं कोरीव काम मात्र सुरेख. चढ अजिबात नाही. नाणेघाटात सासूबाईंचं जे राहिलं ते इथे भरून निघेल, म्हणून देऊळ दुपारीच करा आणि तास-दीड तास मोकळा ठेवा. जेवण आदल्या दिवशी फोन करून घाटघर किंवा वाटेतल्या गावात एखाद्या घरी सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा असं साधं मिळेल. इथली महादेव कोळी घरं पावसाळी भातावर आणि हिरड्यावर वर्ष काढतात, तुमच्या पाच ताटांचा त्यांना खराच उपयोग होतो. फोन आदल्या दिवशीच करा, कारण घाटमाथ्यावर रेंजचा भरवसा नाही.

दुसरा दिवस लेण्यांचा. लेण्याद्रीला सकाळी सातलाच पायथ्याशी असा. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, बांधीव आहेत, मधे टेकायला जागा आहे. सासूबाईंना डोली मिळते, संकोच न करता घ्या. तिकीट लागतं ते पुरातत्त्व खात्याचं, कारण डोंगरातली सगळी लेणी संरक्षित आहेत. हातात प्रसादाची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं खांद्यावर येतात, लहान मुलं घाबरतात.

वर गिरिजात्मजाचं दर्शन घ्या, मग लगेच बाहेर पडू नका. जिथे उभे आहात ते दालन बघा. बौद्ध भिक्षूंचा हा विहार, सातवं लेणं. एवढं मोठं छत आणि मधे एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या. मागच्या बाजूच्या मधल्या खोल्या जोडून गणपतीची जागा झाली. अष्टविनायकांपैकी डोंगरावर, लेण्यात बसलेला हा एकच. दर्शनाला आलेल्यांतले बरेच जण शेजारच्या सहाव्या लेण्यात डोकावतही नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरा ठेवा तिथे आहे. ते चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन आहे. खांबांच्या डोक्यांवर हत्ती, सिंह, वाघ अशी जनावरं पाठीला पाठ लावून बसलीत, टोकाला स्तूप. दाराच्या वरच्या अंगाला एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त, त्याने दिलेलं चैत्यगृह. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. कल्याणच्या सराफाच्या पोराने घाट चढून येऊन जुन्नरला एवढं मोठं दान दिलं! काल तुम्ही ज्या वाटेच्या तोंडाशी उभे होता, त्या वाटेने तो आला असणार. क्रम का पाळायला सांगतो ते इथे कळतं. आधी नाणेघाट पाहिलेला मुलगा ही ओळ ऐकून आपणहून म्हणतो, "म्हणजे तो तिथून आला."

दुपारी उन्हाच्या वेळेत मुक्कामी या, सगळ्यांनी झोप काढा. जुन्नरला आलात तर मासवडी आणि रस्सा खाल्ल्याशिवाय जाऊ नका. तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण बेसनाच्या आवरणात भरून माशाच्या आकाराच्या वड्या पाडतात. नाव मासवडी, पण पदार्थ पूर्ण शाकाहारी आहे, सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

चारच्या सुमारास तुळजा लेणी करा. जुन्नरपासून चारेक किलोमीटर, चढ थोडका. इथे जे आहे ते फार क्वचित कुठे बघायला मिळेल: गोल चैत्यगृह. मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं, वर घुमटासारखं छत. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसाला चैत्यगृह म्हणजे लांबट, कमानीच्या छताचं असंच वाटतं. तुळजात तुम्ही स्तूपाभोवती खरोखर गोल फिरता. पायातले काढा, एक प्रदक्षिणा घाला. संध्याकाळचा उजेड असेल तर खांबांच्या सावल्या स्तूपावर फिरताना दिसतात. गर्दी नसते. अनेकदा आम्ही आणि एखादा गुराखी, एवढेच असतो.

मानमोडीची लेणी मी तुमच्या यादीत धरलेली नाहीत, वाट निसरडी आहे आणि तिथे आग्या मोहोळं मोठाली लागतात. पण मुलगा मोठा झाल्यावर पुन्हा याल तेव्हा नक्की जा. तिथल्या लेण्यांच्या भीमाशंकर गटात क्षत्रप राजा नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, त्यात वर्ष ४६ दिलंय. त्याचं दान काय? एक मंडप आणि एक पोढी. राजाचा मंत्रीदेखील पाणीच देतो. सात-आठ महिने कोरडा राहणाऱ्या या डोंगरात पाण्याइतकं मोठं दुसरं दान नाही, हे त्या लोकांना पुरतं कळलेलं होतं.

मधमाश्यांचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण ही खरी जोखीम आहे आणि लोक तिला हसण्यावारी नेतात. शिवनेरीवर, लेण्याद्रीच्या डोंगरात, सगळीकडे कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट, वासाचं तेल लावू नका. धूर करू नका, उदबत्तीसुद्धा नको. आरडाओरडा, शिट्ट्या, दगड भिरकावणं, काहीही नको. काही वर्षांपूर्वी माझ्या पुढे चाललेल्या एका गटातल्या पोराने मोहोळाच्या दिशेने दगड मारला. पंधरा-वीस सेकंदांत माश्या खाली आल्या. मी दोन मुलांना चादरीखाली घेऊन झाडीत पालथा झालो, तरी मानेवर आणि कानावर बारा काटे निघाले. तेव्हापासून माझ्या पाठपिशवीत कायम एक पातळ चादर असते. तुम्हीही ठेवा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, तोंड-डोकं झाका आणि त्या जागेपासून लांब जा. आणि घरात कुणाला माशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून औषध बरोबर घ्या.

तिसरा दिवस शिवनेरी. आता जा. २०२५च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यात शिवनेरी आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी इथे फार गर्दी असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातला चढायला लागा. सात दरवाज्यांची वाट घ्या, पायऱ्या रुंद आहेत, गाडी बरीच वरपर्यंत येते. साखळीची वाट तुमच्यासाठी नाही. सासूबाई सावकाश चढत असतील तर शिवाई देवीपर्यंत त्यांना नक्की जमेल. देवीचं ठाणं लेण्यातच आहे, थंडगार. तिच्यावरूनच महाराजांचं नाव ठेवलं असं परंपरा सांगते. त्यांना तिथे बसवा, एक मोठं माणूस सोबत ठेवा, आणि बाकीचे वर जा.

दरवाजे मोजताना मुलांना एकच गोष्ट विचारा: समोरून धावत येणाऱ्या शत्रूला इथे काय दिसेल? प्रत्येक वळणावर वाट अशी फिरवलेली आहे की सरळ धाव घेता येत नाही आणि येणारा माणूस वरच्या तटावरच्या माऱ्याला उघडा पडतो. हत्ती दरवाज्याशी त्याच्या उंचीकडे आणि जाडीकडे बघा. वर पोचलात की अंबरखाना लागतो, धान्याचं कोठार. १६७०च्या दशकात फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर जुन्नरला आला होता. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर आहे असं त्याने लिहून ठेवलंय. अंबरखान्याच्या पडक्या भिंतीशी हे सांगा आणि लगेच गंगा-जमुनेच्या टाक्यांकडे वळा. धान्य कितीही असो, पाणी संपलं की किल्ला संपला. खांबांवर तोललेली, गार पाण्याची ही टाकी पाहिली की वहीतले पोढ्यांचे आकडे भराभर वाढतात.

मग जन्मस्थान. १९ फेब्रुवारी १६३०. त्या खोलीत मी बोलत नाही, कुणाला बोलायला लावतही नाही. पाच मिनिटं बसा. बाहेर आल्यावर मुलांना ही एक गोष्ट सांगा, ती बहुतेकांना ठाऊक नसते: ज्या गडावर महाराज जन्मले तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. शहाजीराजांना तो मोगलांच्या हवाली करावा लागला. १६५७ साली महाराजांनी खालचं जुन्नर शहर लुटलं, पुढे गड घ्यायचाही प्रयत्न झाला, पण यश आलं नाही. गड मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात. जन्मस्थानाच्या गच्चीवरून खाली जुन्नर दिसतं. तिथे उभं राहून हे सांगितलं तर माझा स्वतःचा आवाज अजूनही जड होतो.

कमानी मशिदीच्या दोन मिनारांमधली कमान, बदामी तलाव, कडेलोटाचं टोक हे सगळं ओघात होईल. कडेलोटावर मुलीचा हात सोडू नका, कठड्यावर विसंबू नका. वरच्या टेकाडावर ईदगाहजवळ कोळी चौथरा आहे. मोगल सत्तेविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना इथे मारलं, अशी आठवण या भागात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. पहिल्या दिवशी ज्यांच्या घरी तुम्ही जेवलात त्यांची ती आठवण आहे, म्हणून पाय दमले असले तरी तिथपर्यंत जाऊन या.

दुपारनंतर जुन्नर गावात फिरा. हापूसबागेत सौदागर घुमट आहे. हापूसबाग हे नाव हबशीवरून आलं असं सांगतात, मूळ हबशीबाग, निजामशाहीतल्या हबशी सरदारांची आठवण. घुमटाच्या भिंतीवरची दगडी नक्षी उतरत्या उन्हात फार छान दिसते. याच जुन्नरमध्ये १४६९च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पावसाळाभर अडकला होता. चौलला उतरून, घाट चढून आला, बरोबर विकायला एक घोडा. इथल्या असदखान नावाच्या अधिकाऱ्याने तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल तर परत देतो म्हणाला. शेवटी एका भल्या माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. जुन्नरच्या पावसाबद्दल त्याने जे लिहिलंय, रात्रंदिवस पाणी आणि चिखल, ते आमचे म्हातारे आजही शब्दाशब्दाला तसंच सांगतात.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, चारही दिवस. या भागात ऊस फार आणि उसात बिबट्या. घाबरवण्यासाठी सांगत नाही, इथली माणसं रोज हे सांभाळून जगतात. तिन्हीसांजेला उसाच्या कडेला गाडी थांबवून मुलांना खाली उतरवू नका, आणि मुक्कामाच्या आवारातसुद्धा मुलीला एकटीला फिरू देऊ नका.

चौथ्या दिवशी घरात दोन गट करा. तुम्ही दोघांपैकी एकाने मुलाला घेऊन हडसरला जावं. जुन्नरहून पंधराएक किलोमीटर, चढ तासाभराचा. इथले दरवाजे कातळ पोखरून केलेत. पायऱ्या चढत तुम्ही डोंगराच्या पोटात शिरता, वळता, आणि वर उघड्यावर येता. १८१८च्या लढाईत इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा मोडल्या, पण हडसरचा हा कोरीव मार्ग अजून शाबूत आहे. खुंटीच्या वाटेने जाऊ नका, पायऱ्यांच्या वाटेने जा, आणि गावातला एखादा माणूस बरोबर घ्या. चावंडही चांगला आहे, पण त्याच्या पायऱ्यांचा एक टप्पा उघडा आणि अरुंद आहे, ११ वर्षांच्या मुलाबरोबर मी हडसरच निवडेन. जीवधन आणि हरिश्चंद्रगडाची नावं तुम्ही लिहिली होती. दोन्ही माझे अतिशय आवडते, पण या खेपेला नकोत. जीवधनच्या कातळटप्प्याला मुलं दमलेली चालत नाहीत, आणि हरिश्चंद्रगड एका दिवसात चढून उतरायचा म्हणजे त्या देवळाचा अपमान आहे.

सासूबाई आणि मुलीने त्या दिवशी ओझरला विघ्नेश्वराचं दर्शन घ्यावं, दुपारी आराम करावा. रात्री सगळ्यांनी बसून पोढ्यांची बेरीज करा.

पाचव्या दिवशी कल्याणला जाताना पुणेमार्गे जाऊ नका, माळशेज घाटाने उतरा. वाटेत थोडी वाकडी वाट करून खिरेश्वरचं नागेश्वराचं देऊळ बघा, गाडीपासून चार पावलांवर आहे. आत छताकडे मान वर करून बघा, शेषशायी विष्णू आणि भोवती चौकटीचौकटीतून कोरलेल्या मूर्ती. सासूबाईंना पाठीला टेकू देऊन खाली बसवा, म्हणजे मान अवघडणार नाही. सकाळी आठला जुन्नर सोडलंत तर हे करूनही वेळ पुरतो.

घाट उतरून सपाटीला लागलात की वैशाखरे गावाच्या आसपास गाडी बाजूला घ्या आणि डावीकडच्या कड्यांकडे बघा. एक सुळका अंगठ्यासारखा वर आलेला दिसेल, शेजारी डोंगरात एक खाच. पहिल्या दिवशी सासूबाई जिथे बसल्या होत्या ती जागा म्हणजे ती खाच, आणि तुम्ही आता उभे आहात ते बैल जिथून चढायला लागायचे ते ठिकाण. मुलाला विचारा, सुलसदत्त इथून वर गेला असेल तर खाली कुठून आला. तुमची गाडी संध्याकाळी त्याच गावातून सुटते.